रॅम्प आहे, उतार किती?

दरवर्षी शाळेची माहिती भरून देण्याचे दिवस आले की मुख्याध्यापकांच्या टेबलावर यू-डायसचा लांबलचक तक्ता येतो. वर्गखोल्या किती, पिण्याच्या पाण्याची सोय काय, कुंपणभिंत पक्की आहे की तारेची, असे प्रश्न त्यात ओळीने विचारलेले असतात. त्यांतच एक प्रश्न असतो : अपंग मुलांना इमारतीत येता यावे म्हणून रॅम्प आहे काय? उत्तर 'होय' किंवा 'नाही'. 'होय' असल्यास त्याला कठडा आहे काय? पुन्हा 'होय' किंवा 'नाही'. दोन खुणा केल्या की विषय संपतो.

या लेखात आपण त्या दोन खुणांची चिकित्सा करणार आहोत. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न खटकायला हवा. अंग तापलेल्या मुलाबद्दल आपण 'त्याला तापमान आहे काय?' असे विचारत नाही. किती आहे ते विचारतो. रॅम्पचेही तसेच आहे. तो उपयोगी आहे की धोक्याचा, हे त्याच्या मापावर ठरते, आणि तक्ता नेमके तेच विचारत नाही.

वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनसिंग हे गाव आहे. तेथील एका मुलीची आपण कल्पना करू. ती नववीत आहे. पायांत बळ नाही, म्हणून चाकांची खुर्ची वापरते. हात मात्र बळकट आहेत आणि कोणी ढकललेले तिला आवडत नाही. मुलगी काल्पनिक आहे. पण तिच्या वाटेतले अडथळे कोणत्याही गावात टेप घेऊन मोजता येतील असे आहेत. ते मोजतच पुढे जाऊ.

उतरणीचे गणित

शाळेच्या जोत्याला तीन पायऱ्या आहेत असे धरू. प्रत्येक पायरी १५ सेंमीची, म्हणजे एकूण उंची ४५ सेंमी. मुलगी आणि खुर्ची यांचे मिळून वस्तुमान ६० किलोग्रॅम. ही उंची चढताना करावे लागणारे कार्य सुमारे २६५ ज्यूल. घर्षण सोडून दिले तर रॅम्प लांब असो की आखूड, कार्य तेवढेच. बदलते ते बल. कलत्या पृष्ठभागाचा हा धडा आपण सर्वांनीच फळ्यावर शिकवला आहे.

देशात वापरल्या जाणाऱ्या मानकांनुसार रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. म्हणजे ४५ सेंमी उंचीसाठी आडवी लांबी ५.४ मीटर हवी. अशा रॅम्पचा कोन सुमारे पावणेपाच अंश होतो आणि चढताना उताराच्या दिशेने सुमारे ४९ न्यूटन बल लावावे लागते. हे साधारण पाच किलो वजन उचलण्याइतके झाले. आता तोच रॅम्प जागा नाही म्हणून, किंवा सिमेंट वाचवायचे म्हणून, दोन मीटरमध्ये उरकला असे समजा. कोन पावणेतेरा अंशांच्या आसपास जातो आणि बल सुमारे १२९ न्यूटन, म्हणजे तेरा किलोंहून अधिक वजनाइतके होते. चाकांचे घर्षण यात धरलेलेच नाही. शिवाय चाकाची कडी सोडून पुढची पकड घेताना एक क्षण हात मोकळे होतात. त्या क्षणी खुर्ची मागे घसरू पाहते.

दुसरा धोका गुरुत्वमध्याचा. तो जमिनीपासून ६० सेंमी उंचीवर आहे असे धरू. १:१२ च्या उतारावर गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली लंबरेषा मागच्या चाकाकडे ५ सेंमी सरकते. दोन मीटरच्या रॅम्पवर ती साडेतेरा सेंमी सरकते. ही रेषा मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेली की खुर्ची पाठीमागे उलटते. त्यातच जोर लावून चाक पुढे फिरवताना पुढची लहान चाके उचलली जाण्याची प्रवृत्ती असतेच. म्हणजे चढण जितकी तीव्र तितका जोर अधिक, आणि जोर अधिक म्हणून उलटण्याची भीतीही अधिक.

आता तक्त्याकडे परत या. ५.४ मीटरचा रॅम्प असलेली शाळा 'होय' लिहिते. दोन मीटरचा असलेली शाळाही 'होय' लिहिते. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या आकडेवारीत दोन्ही सारख्याच मोजल्या जातात. पहिल्या शाळेत आपली मुलगी एकटी वर्गात जाते. दुसऱ्या शाळेत दोन मुलांनी खुर्ची धरल्याशिवाय ती आत जाऊ शकत नाही. ज्या दिवशी ती मुले आली नाहीत, त्या दिवशी तिचा वर्ग बुडतो. आकडेवारीतला 'होय' तिच्यासाठी 'नाही' असतो.

रॅम्प संपतो तेथेही एक माप असते. वरच्या टोकाला खुर्ची थांबवून वळता येईल इतकी, म्हणजे सुमारे दीड मीटर लांबीरुंदीची, सपाट जागा हवी. दार ९० सेंमी रुंद हवे. रॅम्प थेट दाराला भिडला आणि दार बाहेर उघडणारे असले, तर उतारावर उभे राहून ते उघडायचे कसे? आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते : उंबरठा. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. पण खुर्चीच्या पुढच्या चाकांची त्रिज्या लहान असते. त्यांना बोटभर उंबरठासुद्धा पायरीसारखाच अडवतो.

मानकांतले शहर, मातीतले गाव

केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये अडथळामुक्त बांधकामाची एकत्रित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये त्यांची विस्तारलेली सुधारित आवृत्ती आली. रॅम्प, दारे, शौचालये, फलक, पदपथ या सर्वांची मापे त्यांत दिली आहेत. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. मोजायला पट्टीच नसेल तर चूक दाखवता येत नाही; ती पट्टी या पुस्तकांनी दिली. पण पट्टी कोणासमोर धरून आखली गेली, हे पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट मातीची. वाशिमकडची जमीन काळी, कापसाची. या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आक्रसतात. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शाळेची इमारत खोल पायावर उभी असते. रॅम्प मात्र बहुधा नंतर, वरवरची माती सपाट करून, तिच्यावरच ओतला जातो. दोन पावसाळे गेले की जोते जागेवर राहते आणि रॅम्प खचतो किंवा उचलला जातो. दोहोंच्या सांध्यावर एक नवी पायरी तयार होते. उद्घाटनाच्या दिवशी १:१२ असलेला रॅम्प तिसऱ्या वर्षी निकामी होतो, आणि तक्त्यात 'होय' कायम राहते. काळी माती काढून मुरूम भरणे व थर दाबून घेणे हा उपाय गावातल्या गवंड्यालाही ठाऊक असतो. अंदाजपत्रकात त्याची ओळ हवी, एवढेच.

दुसरी गोष्ट वाहनाची. मानकांतील वळण्याची जागा चाकांच्या खुर्चीच्या मापाने ठरवलेली असते. खेड्यात मात्र दूरच्या अंतरासाठी हाताने फिरवायची तीनचाकी सायकल अधिक दिसते. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या साहाय्यक उपकरण योजनेतून आणि कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कारखान्यातून ती देशभर वाटली गेली. ती खुर्चीपेक्षा बरीच लांब असते आणि तिला वळायला मोठा घेर लागतो. ग्रामपंचायतीच्या किंवा दवाखान्याच्या मधल्या टप्प्यावर ती वळली नाही, तर मानक पाळूनही माणूस बाहेरच राहतो. आपल्या शाळेत किंवा शेजारी अशी सायकल असेल तर तिची लांबी आणि वळण खडूने आखून मोजावे. विद्यार्थ्यांसाठी तो भूमितीचा उत्तम प्रयोग आहे.

तिसरी गोष्ट प्राधान्याची. ३ डिसेंबर २०१५ रोजी 'सुगम्य भारत अभियान' सुरू झाले. इमारतींच्या बाबतीत त्याने आधी पन्नास शहरे निवडली आणि प्रत्येकातील २५ ते ५० महत्त्वाच्या सरकारी इमारतींपासून आरंभ करायचे ठरवले. कोठून तरी सुरुवात करावी लागते, हे मान्य. पण २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे १.८६ कोटी, म्हणजे शंभरातील ६९, खेड्यांत राहणाऱ्या होत्या. जेथे माणसे अधिक, तेथे काम नंतर, असा हा क्रम झाला. अनसिंगसारख्या गावाची पाळी अशा क्रमात कितव्या फेरीला येणार?

तिकिटाला सवलत, पायरीला नाही

आपल्या मुलीला आता वाशिमला जायचे आहे. तिला अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे आहे आणि ते साधारणपणे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून मिळते. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी जिल्ह्याचे ठिकाण अकोला होते. म्हणजे तिच्या आईच्या पिढीपेक्षा तिची वाट जवळची आहे. तरीही विसंगती पाहा : चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते!

एस.टी.मध्ये अपंग प्रवाशांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सवलत चांगलीच आहे; तिच्यामुळे अनेकांचे शिक्षण आणि औषधपाणी चालते. पण सवलत तिकिटाला मिळते, आणि तिकीट बसमध्ये चढल्यावर फाटते. गावोगाव जाणाऱ्या साध्या बसचा तळ उंच असतो, पहिली पायरी गुडघ्याच्या आसपास येते आणि पुढच्या पायऱ्या अरुंद असतात. भारतातील शहरी बसच्या विनिर्देशांत तळाच्या ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर अशा उंची सांगितल्या आहेत. ४०० मिलिमीटरचा तळ असलेली बस थांब्याच्या चौथऱ्याला लागली तर छोटी फळी टाकून खुर्ची आत नेता येते. खराब ग्रामीण रस्त्यावर इतका खाली तळ चालणार नाही, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. बस खाली आणता येत नसेल तर थांबा वर उचलता येतो. बसच्या दाराशी जुळणारा चौथरा आणि त्यावर जाणारा १:१२ चा रॅम्प हे काम विटा-सिमेंटचे आहे. त्याचा फायदा डोक्यावर गाठोडे घेतलेल्या बाईला, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला आणि गरोदर स्त्रीलाही होईल.

येथे नेहमीचा प्रश्न येतो : 'पण असे प्रवासी आहेतच किती? आमच्या शाळेत तर खुर्चीवरचे एकही मूल नाही.' हा युक्तिवाद तपासून घेतला पाहिजे, कारण तो संख्येचा आधार घेतो. एखाद्या फाट्यावर बस थांबतच नाही असे समजा. तेथून चढणारे प्रवासी शून्य असणार. मग शून्य प्रवासी आहेत म्हणून तेथे थांबा नको, असे म्हणायचे काय? ज्या वाटेने येताच येत नाही तिच्यावर मोजणी केली, तर उत्तर नेहमी शून्यच येते. नमुना निवडतानाच चूक झाली, तर पुढचे गणित कितीही बिनचूक असले तरी निष्कर्ष खोटा ठरतो. शाळेत मूल दिसत नसेल तर ते घरात आहे काय, हे विचारणे अधिक शास्त्रीय होईल.

डोळ्यांनी न वाचणाऱ्यासाठी

सुगम्यता म्हणजे केवळ रॅम्प नव्हे. माहितीलाही पायऱ्या असतात.

१९६५ मध्ये जपानमध्ये सेइची मियाके यांनी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसवल्या गेल्या. लांब उभार पट्ट्या म्हणजे 'पुढे चला' आणि गोल फुगवटे म्हणजे 'थांबा, सावध व्हा'. ही पायाने वाचायची लिपीच आहे. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी या पिवळ्या फरशा शोभेसारख्या बसवल्या जातात आणि मध्येच खांबाला किंवा झाडाला जाऊन भिडतात. लिपी माहीत नसलेल्याने अक्षरे कोरावीत, तसा हा प्रकार. महागड्या फरशांशिवायही तत्त्व पाळता येते. जिना सुरू होण्याआधी हातभर खरबरीत पट्टा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद-फिकट रंगाची ठळक रेघ एवढ्याने अंध आणि मंददृष्टी मुलांचे पडणे टळू शकते.

हातांनी वाचायची लिपी आपल्याला अधिक परिचित आहे. लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची पद्धत १८२४ ची. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' ठरले आणि मराठी, बंगाली, तमिळ अशा सर्व भाषांतील 'क'ला एकच ठिपके मिळाले. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले.

आज मात्र बहुतेक माहिती मोबाइलवर येते आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी साधने मोफत मिळतात. मग अडचण कोठे आहे? ती आपण मजकूर कसा तयार करतो यात आहे. 'काम' हा शब्द कृतिदेव या जुन्या टंकात टाइप केला, तर संगणकाच्या स्मृतीत डी, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे साठवली जातात. त्यांच्यावर मराठी आकृतीचा मुखवटा असतो. डोळ्यांना 'काम' दिसते, वाचक साधनाला मात्र 'डी-के-ई' ऐकू येते. यूनिकोडमध्ये 'क'ला षोडशमान पद्धतीतला ०९१५ हा त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून यंत्र तो 'क' असाच वाचते. सही-शिक्क्याच्या परिपत्रकाचा मोबाइलवर काढलेला फोटो हा तर केवळ काळ्या-पांढऱ्या बिंदूंचा समूह. शाळेच्या गटावर आपण रोज असे फोटो पाठवतो. त्या गटात एखादी अंध शिक्षिका किंवा अंध पालक असेल, तर आपण रोज त्यांच्यासमोर एक पायरी बांधतो. फोटोखाली दोन ओळी टाइप करायला खर्च शून्य आहे. कर्णबधिर पालकांच्या बाबतीत उलटे : केवळ ध्वनिमुद्रित निरोप पाठवू नये, सोबत लिहावे.

कायदा, नियम आणि 'शक्यतो'

अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ चा. त्यात वाहतूक, रस्ते आणि इमारती यांची कलमे होती. पण सोबत 'आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत' अशी पुस्ती होती. पुस्ती एवढी रुंद होती की तिच्यातून सगळे कलम निसटून गेले. शाळांपुरते बोलायचे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने इमारतीत अडथळाविरहित प्रवेश असावा असे सांगितले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने जुनी पुस्ती काढून टाकली, आणि नियम झाल्यापासून पाच वर्षांत अस्तित्वातील सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याचे बंधन घातले. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे जून २०२२ मध्ये मुदत संपली.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने या नियमांतील पंधराव्या नियमाचा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला. कारण समजण्यासारखे आहे. कायदा 'केलेच पाहिजे' म्हणत होता आणि नियमाने मात्र शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले होते. किमान बंधनकारक मानके वेगळी काढावीत, असा आदेश न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत घालून दिला. १९९५ पासून मधल्या काळात 'अपंग' हा शब्द जाऊन 'दिव्यांग' आला. शब्दाने माणसाचा मान राखावा, हे योग्यच. पण शब्द बदलल्याने कोणत्याही पायरीची उंची एक सेंटिमीटरही कमी झालेली नाही.

आपल्याच शाळांचे एक उदाहरण बोलके आहे. अनेक शाळा मतदानकेंद्रे होतात. मतदानाच्या दिवशी रॅम्प आणि चाकांची खुर्ची हजर असावी, अशी निवडणूक आयोगाची अपेक्षा असते. म्हणून काही ठिकाणी लाकडी फळ्यांचा रॅम्प लागतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो. म्हणजे इमारतीला रॅम्प लावता येतो, हे सिद्ध झालेले असते. जी सोय मतदानाच्या दिवशी मतदाराला मिळते, ती वर्षभर विद्यार्थ्याला का मिळू नये?

आपण काय करावे?

कोनमापकाला दोरा आणि खडा बांधला की उतारमापक तयार होतो. आठवी-नववीची मुले एका दुपारी शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र, बँक आणि एस.टी.चा थांबा मोजून येऊ शकतात. प्रत्येक ठिकाणी पाच नोंदी कराव्यात : एकूण उंची, रॅम्पची आडवी लांबी, दाराची रुंदी, वरच्या सपाट जागेची लांबी आणि जोत्याशी असलेल्या सांध्यातील फट. शक्य असेल तर चाकांची खुर्ची किंवा तीनचाकी वापरणारी गावातील व्यक्ती सोबत असावी. तिच्याविषयी नोंदी करण्यापेक्षा तिच्याबरोबर केलेल्या नोंदी अधिक खऱ्या उतरतात. तो तक्ता शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि ग्रामसभेत ठेवावा. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मोजणी केली, तर काळ्या मातीचा खेळही मुलांच्या लक्षात येईल.

शासनाकडे मागणी करायची तर ती छोटी आणि नेमकी असावी : यू-डायसच्या तक्त्यात 'रॅम्प आहे काय?' या प्रश्नापुढे 'उंची किती, लांबी किती?' असे दोन रकाने वाढवावेत. दोन आकडे आले की भागाकार संगणक करील आणि कोणत्या शाळेतला 'होय' खरा आहे ते उघड होईल. तोपर्यंत आपल्या हातात टेप आहे. अनसिंगच्या त्या मुलीला दहावीनंतर पुढे शिकायचे असेल, तर तिची वाट घराच्या उंबरठ्यापासून वाशिमच्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत अखंड हवी. मध्ये एक जागा जरी सुटली तरी तिचे शिक्षण तेथेच थांबेल, आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात कोणीतरी लिहील : असे विद्यार्थी, शून्य.